नोटांचं उदाहरण सोडायचं नाही

अक्का,

तुमचे दिवस झाले, गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्यानं आणलेली पातेली परत गेली. आता घरात घरचीच माणसं उरलीत. दुपारी जेवणं आवरली, कूलर लावला आणि सवयीनं मी मधल्या खोलीत चटई अंथरली. अंथरून झाल्यावर लक्षात आलं की आज कोणी येऊन बसणार नाही. मग चटई गुंडाळली नाही. तिच्यावरच बसून हे लिहितेय.

दहा दिवस लोक तुमच्याबद्दल बोलत होते. स्वभाव, पाहुणचार, तुमच्या हातचे ज्वारीचे बिबडे, भरीत. सगळं खरंच आहे. पण तुमची-माझी खरी ओळख त्यात कुठे नव्हती. लग्न होऊन मी जळगावला, पिंप्राळ्यात आले तेव्हा तुम्ही थोरल्या जाऊबाई आणि मी धाकटी, एवढंच आपलं नातं होतं. मी सावद्याची, तुम्ही धुळ्याच्या. तुमची अहिराणी मला निम्मी कळायची, आणि माझं बोलणं तुम्हाला भांडल्यासारखं वाटायचं. भाजी कोण चिरणार आणि कणीक कोण मळणार, यापलीकडे आपण वर्षानुवर्षं फारसं बोललो नव्हतो. बोलायला लागलो ते गणितामुळे.

आपल्या कॉलनीच्या तोंडाशी बँकेचं ग्राहक सेवा केंद्र निघणार होतं आणि तिथे बसायला बाई हवी होती. अट एकच, दहावी पास. माझी नववी झालेली. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे मला निलेशनं सांगितलं. तुमचा मुलगा तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. मी फॉर्म आणला आणि घाबरून तसाच ठेवून दिला. वर्गातल्या पोरांच्या शेजारी एकटीनं जाऊन बसायचं, हे मला जमणारं वाटेना.

तुम्ही तो फॉर्म बघितलात आणि म्हणालात, "आणखी एक आण. मी पण भरते."

"अक्का, तुम्ही कशाला?"

"तुला नोकरी करायची आहे म्हणून तू भर. मला काही करायचं नाही म्हणून मी भरते."

तुमची आठवीपर्यंतची शाळा धुळ्याला झाली होती. पुढे का गेला नाहीत ते तुम्ही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. निलेशचे बाबा, आपले भाऊ, तेव्हाही डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी डबा धुवायला ठेवला आणि एवढंच म्हणाले, "दोघी मिळून काय कलेक्टर होणार?" माझ्याशी ते थेट बोलत नसत. मोठे दीर, त्यामुळे मीही त्यांच्यासमोर पदर सावरून गप्प उभी राहायची. ते वाक्य त्यांनी भिंतीकडे बघून म्हटलं होतं.

मराठी, हिंदी, इतिहास यांत तुम्ही माझ्या पुढे होतात. इंग्रजीत दोघी सारख्याच बुडालेल्या. गणिताच्या पुस्तकात मात्र पहिल्याच धड्याचं नाव होतं 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', आणि ते वाचूनच आपण पुस्तक मिटून चहा केला होता. त्या धड्यातली सुटी समीकरणं आपल्याला हळूहळू जमली. शाब्दिक उदाहरणांशी आपण अडलो. बापाचं आणि मुलाचं वय, नदीतली होडी, दोन अंकी संख्येचे उलटलेले अंक, आणि पिशवीतल्या नोटा.

वयाचं उदाहरण तुम्हाला आवडत नसे. बापाला स्वतःच्या पोराचं वय सरळ सांगता येत नाही का, म्हणायचात. नोटांचं आवडायचं. नोटा ओळखीच्या आहेत, असं तुमचं म्हणणं. तरी तिथेही पहिल्या दिवशी वाद झालाच. उदाहरण असं होतं, की एका पिशवीत पन्नास आणि वीस रुपयांच्या मिळून पस्तीस नोटा आहेत. एकूण रक्कम एक हजार तीस रुपये. तर प्रत्येक प्रकारच्या नोटा किती?

"पिशवी कोणाकडे आहे?" तुम्ही विचारलंत.

"असेल कोणाकडे तरी."

"मग तो उघडून का बघत नाही?"

मी हसले. निलेश शिकवायला बसला होता, तो वैतागला. पुढचं उदाहरण पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांचं निघालं, तर तुम्ही म्हणालात, "हा माणूस जळगावचा नाही. इथे दहाचं नाणं कोणी घेत नाही." निलेश उठून गेला तो परत शिकवायला आलाच नाही. त्यानंतर मी मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि दुपारी तुम्हाला समजावायचे.

तुमचं अडत कुठे होतं ते मला नीट कळत होतं, सोडवता मात्र येत नव्हतं. पन्नासच्या नोटा एक्स, विसाच्या वाय, इथपर्यंत तुम्ही बरोबर यायचात. पुढे लिहायचात, एक्स अधिक वाय बरोबर एक हजार तीस. मी म्हणायचे, अक्का, एक्स म्हणजे नोटा आहेत, रुपये नाहीत. तुम्ही म्हणायचात, "नोटा म्हणजेच रुपये ना गं."  पाटीवर पुसून पुसून तुम्ही पुन्हा तेच लिहायचात.

ते सुटलं ते बसमध्ये. तुमच्या आईचं दुखणं चालू होतं, त्यामुळे आपण अधूनमधून धुळ्याला जायचो. त्या दिवशी कंडक्टरनं दोघींच्या अर्ध्या तिकिटांचे पैसे कापून एकशे तीस रुपये परत दिले, सगळ्या दहा-विसाच्या नोटा. तुमच्या मांडीवर डब्याची पिशवी होती म्हणून नोटा मी घेतल्या. घेता घेता मोजल्या आणि मूठ मिटली.

"अक्का, मुठीत आठ नोटा आहेत. एकशे तीस रुपये. दहाच्या किती, विसाच्या किती?"

"दाखव."

"दाखवणार नाही. माणसानं पिशवी उघडलेली नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खिडकीबाहेर. एरंडोल गेलं. तुम्ही ओठांतल्या ओठांत काही मोजत होतात. मध्येच म्हणालात, "बठ्ठ्या दहान्याच धरल्या तर ऐंशी व्हतस." सगळ्या दहाच्या धरल्या तर ऐंशी, हे बरोबर होतं; मी मूठ तशीच धरून ठेवली. पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली, फुटाण्यावाला चढला, उतरला. बस पुन्हा निघाली तेव्हा तुम्ही माझ्या मुठीवर बोट ठेवलंत.

"पाच विसाच्या. तीन दहाच्या. आता दाखव."

मी मूठ उघडली. तुम्ही एकेक नोट बाजूला करून बघितलीत. बरोबर होतं. तुम्ही नोटा कमरेच्या बटव्यात ठेवल्यात आणि थोड्या वेळानं म्हणालात, "दोन मोजण्या आहेत गं ह्या. नोटांची वेगळी आणि पैशाची वेगळी. म्हणून दोन समीकरणं." मग धुळं येईपर्यंत तुम्ही मला तेच उदाहरण एक्स-वाय धरून करायला लावलंत, आणि तिकिटाच्या मागे पेननं लिहून पडताळून घेतलंत. पेपरमध्ये दहा-विसानं अंदाज बांधून चालणार नाही, रीत लिहावी लागते, हे तुम्हीच मला सांगितलंत.

त्यानंतर नोटांचं उदाहरण तुमचं झालं, आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. ते भांडण अजून मिटलेलं नाही, अक्का.

मी म्हणत होते, की पास व्हायला पस्तीस लागतात. जे पटकन येतं ते आधी करायचं आणि शाब्दिक उदाहरणं सोडून द्यायची. व्हिडिओतले सरही तेच सांगत होते. तुम्हाला ते पटेना. "जे इतक्या मुश्किलीनं आलं तेच सोडू?" म्हणालात. मी म्हटलं, पेपर पास व्हायला असतो. तुम्ही म्हणालात, "नोटांचं सोडून पास झाले, तर मला काय आलं असं समजायचं?"

परीक्षेच्या दिवशी तुम्ही वर्गात शिरलात तेव्हा निम्मी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं मॅडम आल्या. तुम्ही त्यांना हातानं बसा म्हणालात आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. माझा नंबर पलीकडच्या वर्गात होता. पेपर सुटल्यावर तुम्ही फाटकापाशी कडुनिंबाच्या सावलीत उभ्या होतात.

"नोटांचं आलं होतं," तुम्ही म्हणालात.

"सोडवलं?"

"सोडवलं. पडताळा पण करून बघितला. बरोबर आलं."

"आणि बाकीचं?"

"वेळ संपला."

मी ते उदाहरण वाचलंही नव्हतं. मी काठावर पास झाले. तुम्ही बाकी सगळ्या विषयांत पास आणि गणितात गेलात. निकाल निलेशच्या मोबाइलवर बघितला, आणि तो काही बोलायच्या आत तुम्ही उठून पायात चपला घातल्यात. कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आलात आणि माझ्या नावानं सगळ्या गल्लीत वाटलेत. मला कुठे बघावं ते कळत नव्हतं. पेढे संपल्यावर तुम्ही चटई अंथरलीत, मला समोर बसवलंत आणि म्हणालात, "नोकरीला जाशील ते हे सोडवून जा." प्रश्नपत्रिकेतलं नोटांचं उदाहरण तुम्हाला पाठ होतं. मी ते तिथे बसून सोडवलं, मगच तुम्ही मला उठू दिलंत.

त्या पावसाळ्यात तुम्ही पुन्हा बसलात. पेपरच्या आधीच्या आठवड्यात तुमची आई गेली. धुळ्याहून तुम्ही थेट परीक्षेला आलात, डोळे सुजलेले. पुन्हा गणित राहिलं. त्या दिवशी भाऊ जेवताना म्हणाले, "झालं की आता. नाही नशिबात." तुम्ही त्यांना भाकरी वाढता वाढता म्हणालात, "नशीब कसानं? वेळ नही पुरना."

मला ते फार आवडलं होतं, अक्का. तेव्हा सांगायला हवं होतं.

कारण त्या वाक्यात आपल्याला करण्यासारखं काही होतं. वेळ पुरत नसेल तर हात चालवायला हवा. मी तेव्हा सेवा केंद्रावर बसायला लागले होते, दुपारी जेवायला घरी यायचे. तुम्ही गॅसवर कुकर चढवायचात आणि शिट्टी व्हायच्या आधी मी उदाहरण सांगायचे. डाळ शिजेपर्यंत ते सुटलं पाहिजे, असा आपला नियम. सुरुवातीला डाळ करपायची तरी तुमचं पहिलंच समीकरण चालू असायचं. हिवाळा संपेपर्यंत तुम्ही दोन शिट्ट्यांत उत्तर काढायला लागलात आणि तिसऱ्या शिट्टीला पडताळा. आमचे हे म्हणायचे, ह्या घरात पहिल्यांदाच डाळ वेळेवर उतरतेय.

मार्चमध्ये तुम्ही पुन्हा त्याच शेवटच्या बाकावर बसलात. मी सुट्टी काढून फाटकाबाहेर उभी होते. तुम्ही बाहेर आलात त्या चिडूनच.

"काय झालं?"

"नोटांचं आलंच नाही."

"मग काय आलं?"

"बापाचं न् पोराचं वय." तुम्ही पाण्याची बाटली उघडलीत, प्यायलात. "सोडवलं. बाकीचं पण सगळं सोडवलं. पण नोटांचं यायला पाहिजे होतं."

तुम्ही पास झालात. पस्तीसच्या जरा वर, पण पास. निलेशनं निकाल दाखवला तेव्हा तुम्ही मोबाइल दूर धरून, मग जवळ धरून बघितलात आणि म्हणालात, "नोटांचं असतं तर आणखी वाढले असते." यावेळी पेढे मी आणले. भाऊंनी एक पेढा घेतला, हातात धरून थोडा वेळ बसले, मग खाल्ला आणि मिलमध्ये गेले. कलेक्टरचं ते काही बोलले नाहीत. दुसरंही काही बोलले नाहीत. तुम्हाला त्याचं वाईट वाटलं का, हे मी कधी विचारलं नाही. तुमच्या चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं. तुम्ही रिकामा खोका तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलात आणि स्वयंपाकाला लागलात.

मला वाटलं होतं की आता अभ्यास थांबेल. तुम्ही थांबवला नाहीत. मी केंद्रावरून आले की विचारायचात, "आज काय आलं?" म्हणजे पेटीत कोणत्या नोटा किती आल्या. मी एकूण नोटा आणि एकूण रक्कम सांगायची, तुम्ही पाटी घ्यायचात. दोनच प्रकारच्या असल्या तर. मग एका रविवारी तुम्हीच मला उदाहरण घातलंत. दहा, वीस आणि पन्नासच्या मिळून दहा नोटा. प्रत्येक प्रकारची निदान एक तरी आहे. रक्कम दोनशे रुपये.

मी म्हटलं, "अक्का, हे सुटत नाही. तीन माहीत नसलेल्या गोष्टी आणि समीकरणं दोनच. माहिती अपुरी आहे."

"सुटतं."

"एक उत्तर येत नाही."

"दोन येतात," तुम्ही म्हणालात, आणि पाटी फिरवून माझ्यासमोर धरलीत. तीन दहाच्या, सहा विसाच्या, एक पन्नासची. नाहीतर सहा दहाच्या, दोन विसाच्या, दोन पन्नासच्या. मी दोन्ही तपासली. दोन्ही बरोबर. मी तरीही म्हटलं, की ज्या उदाहरणाची दोन उत्तरं येतात ते उदाहरणच चुकलेलं असतं, परीक्षेत असं कधी विचारत नाहीत. तुम्ही म्हणालात, परीक्षा झाली आता, आता कशाला परीक्षेचं. आपण चहा थंड होईपर्यंत वाद घातला. मी अजूनही म्हणते ते चुकलेलंच होतं. तुम्ही असतात तर उद्याही वाद घालायला तयार असतात, हे मला माहीत आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. सकाळी तुम्ही मागच्या अंगणात बिबडे वाळवायचं कापड झटकत होतात. आत येऊन म्हणालात, छातीत जड वाटतंय, जरा पाणी दे. मी पाणी दिलं. निलेश समोरची रिक्षा घेऊन आला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तुम्ही दवाखान्यापर्यंत आलात, एका शब्दानं कण्हला नाहीत. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा भाऊ मिलच्या कपड्यांतच उभे होते, बाह्यांना डाळीची भुकटी लागलेली.

तुम्ही फॉर्म भरला नसतात तर मीही भरला नसता. आज काचेच्या मागे बसून मी लोकांचे पैसे मोजते, पगार माझ्या नावावर जमा होतो, कोणी मला मॅडम म्हणतं. यातलं बरंच तुमच्यामुळे आहे. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. जावा-जावांत असं बोलायची पद्धत नसते, आणि दोन पाट्यांच्या मध्ये ते कुठे बसलंही नसतं. आता बोलतेय. ऐकायला तुम्ही नाही, हे कळतंय मला.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती तुम्ही गेल्यानंतरची आहे.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी निलेशनं श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला टाकला होता. दुकानदारानं नमुना मोबाइलवर पाठवला. तुमचा हिरव्या साडीतला फोटो, वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली नाव. निलेशनं तो भाऊंना दाखवला. भाऊंनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"नावाखाली जागा आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. काय लिहायचं?"

"दहावी पास लिही."

 निलेश हळूच म्हणाला, "बाबा, असं कोणी लिहीत नाही. डॉक्टर, वकील लिहितात. लोक हसतील."

"हसू दे. तीनदा बसली होती ती."

खोलीत आम्ही पाच-सहा जण होतो.  भाऊ माझ्याकडे वळले. अक्का, इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून माझ्याशी बोलले.

"रेखा, तू सांग. लिहायचं की नाही?"

पदर सावरायचं मला सुचलं नाही. मी म्हटलं, "लिहा भाऊ. पण नुसतं दहावी पास नको. गणितासह दहावी पास, असं लिहा."

"तसंच लिही," भाऊ निलेशला म्हणाले. निलेशनं मान खाली घालून ते टाइप केलं, आणि मग उठून मागच्या अंगणात गेला. थोड्या वेळानं मी त्याला पाणी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स कॉलनीच्या तोंडाशी, माझ्या केंद्राच्या समोरच्या खांबाला लागला. लोक थांबत होते, वाचत होते. एक-दोघं हसलेही. भाऊ खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. कोणी त्या ओळीकडे बघून थांबलं की ते आपणहून सांगायचे, पहिल्या परीक्षेत फक्त गणित राहिलं होतं, तेही काढलं तिनं. मी पाहुण्यांना चहा द्यायला गेले तेव्हा भडगावच्या आपल्या एका पाहुण्याला ते सांगत होते, "नोटांचं उदाहरण तर तिला तोंडी यायचं." त्यांना हे कुठून माहीत, अक्का? दुपारी ते मिलमध्ये असायचे. म्हणजे रात्री जेवायला वाढताना तुम्ही त्यांना सांगत असणार, आणि ते ऐकत असणार.

आज सकाळी निलेश म्हणाला, कार्य झालं, फ्लेक्स काढून टाकू. भाऊ म्हणाले, राहू दे. मी केंद्रावर गेले तेव्हा वाऱ्यानं त्याचा वरचा एक कोपरा सुटला होता. काचेतून बघितलं तर भाऊ घरातून तीच खुर्ची आणि सुतळी घेऊन आले. खुर्चीवर चढले, कोपरा ओढून ताणला आणि दोनदा गाठ मारली. खाली उतरून थोडे मागे गेले, ओळ नीट वाचता येते का ते बघितलं, आणि मग मिलकडे निघाले.